एका कान्याचा फरक

आमच्याकडे कोल्हापुरात बायका 'मी येतो' म्हणतात. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे ठाऊक असतं, निदान विनोद म्हणून तरी. माझी आत्या गंगावेशेच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला तोंडाला लावायची आणि लांबून ओरडायची, "आलो रं, एवढं दूध पितो आन् आलो." डोक्यावर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कुणी वळूनही बघत नसे. शाळेत आम्ही पोरी एकमेकींना 'भावा' म्हणायचो. त्यामुळे जन्मदाखल्यावर 'मुलगी' लिहिलेलं असूनही आयुष्याची पहिली अठरा वर्षं, क्रियापदांच्या बाबतीत तरी, मी सुखात होतो.

मग शिकायला पुण्यात आलो. वसतिगृहातल्या मेसमध्ये पहिल्याच रात्री म्हणालो, "मी जेवून आलो," आणि टेबल हसलं. माझी खोलीमैत्रीण मनाने फार चांगली. तिने मला सुधारायचं मनावर घेतलं. "अगं, 'आले' म्हण. 'आलो' काय? मुलगा आहेस का तू?" प्रश्न तिने गमतीत विचारला होता. मला उत्तर गमतीत देता येईना, म्हणून दिलंच नाही. मग तिने चुकीला एक रुपया दंड ठेवला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत डब्यात त्रेचाळीस रुपये जमले आणि आम्ही त्यांची भेळ खाल्ली. सुट्टीनंतर दंड बंद झाला, कारण मी शिकलो होतो. येते, जाते, आले, गेले. प्रमाण मराठी म्हणजे काय हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने नाही, त्या भेळेने शिकवलं.

पुढची काही वर्षं मी मराठीत लपायच्या जागा शोधत काढली. जागा आहेत बरं का. 'मी भाकरी खाल्ली' म्हटलं की लिंग भाकरीचं, माझं नाही. पत्र लिहिलं, सिनेमा पाहिला, पुस्तक वाचलं. सकर्मक भूतकाळात माणूस कर्माच्या मागे छान दडून बसतो. पण चहा 'प्यायलो' की 'प्यायले'? तिथे पकडला गेलात. खाताना लपता येतं, पिताना नाही. 'मला वाटतं', 'मला हवंय', 'मला जायचंय' यांत कसलीच कटकट नाही. 'आम्ही गेलो' म्हटलं की राजेशाही थाटही आणि सुटकाही. सगळ्यांत उदार भविष्यकाळ. मी येईन, मी करीन, मी असेन. त्या काळात मराठी माणसाला बाई की बुवा हे विचारतच नाही. दोन-अडीच वर्षं मी असा भाकऱ्या खात आणि भविष्यात राहत काढली. मैत्रिणी म्हणायच्या, "ही फार विचार करून बोलते." करतच होतो.

एका जागी मात्र सगळ्या युक्त्या संपतात. 'मी आहे' याला लिंग नाही, 'मी असेन' यालाही नाही. पण 'मी होतो' की 'मी होते', हे ठरवावंच लागतं. वर्तमान मोकळा, भविष्य मोकळं आणि भूतकाळाच्या दारात तपासनीस उभा. इंग्रजीत लहानपणाची गोष्ट सांगताना हा प्रश्नच येत नाही. 'व्हेन आय वॉज अ किड' म्हणा आणि चालू पडा. मराठीत 'मी पाचवीत होतो' म्हणालो, तर भिंतीवरच्या फोटोत दोन वेण्या आणि लाल रिबिनी. 'पाचवीत होते' म्हणालो, तर घशात काहीतरी अडकतं. लिहायला गेलं तर फरक एका कान्याचा.

२०१५ मध्ये मी नोकरीसाठी कॅलिफोर्नियात ओकलंडला गेलो. तिथे लेक मेरिट नावाचं तळं आहे. रंकाळ्याइतकं देखणं नाही (हे मी तटस्थपणे सांगतो आहे), पण संध्याकाळी फेरी मारायला बरं. त्या तळ्याजवळच्या एका घरात महिन्यातून एकदा सात-आठ जण जमायचो, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा. सगळे माझ्यासारखे, म्हणजे मुलगी म्हणून वाढवले गेलेले आणि पुरुष असलेले. आणि सगळे गोरे नसलेले. दोन कृष्णवर्णीय, एक मेक्सिकन, एक फिलिपिनो, एक व्हिएतनामी, कधी येणारे दोघं-तिघं आणि मी. अशांना तिथे 'मेन ऑफ कलर' म्हणतात. आईला फोनवर हे मराठीत सांगायला गेलो आणि फसलो. "रंगाचे पुरुष," असं काहीतरी म्हणालो. ती म्हणाली, "म्हंजे रंगारी? घराला रंग काढतोयस का?" मग समजावल्यावर तिला रागच आला. "कलर कसला? चांगला गव्हाळ वर्ण आहे." खरंच आहे, माझ्या लग्नासाठी काढलेल्या बायोडाट्यात बाबांनी तेच लिहिलं होतं.

त्या घरात मी पहिल्यांदा पोट धरून हसलो आणि ते व्याकरणावर. मेक्सिकन मित्राची अडचण ती माझीच. स्पॅनिशमध्ये 'मी दमलोय' म्हणायला पुरुष 'कान्सादो' म्हणतो आणि बाई 'कान्सादा'. तो सांगायचा, "मी आजीसमोर चार वर्षं दमलोच नाही." आमच्या ओकाराला त्यांचा ओकार, हे कळलं तेव्हा मी त्याला मिठी मारली. फिलिपिनो मित्राची तऱ्हा उलटी. आम्ही त्याला 'कुया' म्हणायचो. टागालोगमध्ये कुया म्हणजे थोरला भाऊ, आपला दादा. त्या भाषेत 'तो' आणि 'ती' दोन्हींना एकच शब्द, 'सिया'. त्यामुळे तिकडची जुनी माणसं इंग्रजी बोलताना 'ही' म्हणजे तो आणि 'शी' म्हणजे ती यांची सर्रास अदलाबदल करतात. कुयाने घरी सांगितलं, आई रडली, मग शांत झाली. काही महिन्यांनी आई त्याला 'ही' म्हणायला लागली. तो आनंदाने हवेत. दुसऱ्या वाक्यात ती त्याच्या बापाला 'शी' म्हणाली. "मला आजवर कळलेलं नाही," कुया म्हणायचा, "तिने मला स्वीकारलंय की तिचं इंग्रजी कच्चं आहे." आणि मग हळूच, "विचारणारही नाही."

बाहेरच्याला यात दुःख दिसेल. आम्हाला भात दिसायचा, म्हणजे कुयाच्या आईने डब्यात भरून दिलेला लसणीचा भात. चिडलेली माणसं मुलाच्या सात मित्रांना पुरेल एवढा भात करत नाहीत.

पण सगळं हसणं एका जातीचं नसतं. जात म्हटलीच आहे तर सांगून टाकतो. एकदा तिथे मी आमच्या गावच्या घरातल्या फडताळाबद्दल बोललो. खालच्या कप्प्यात एक कप वेगळा असायचा, कान तुटलेला. शेतावरच्या दलित गड्याला चहा त्यात. लहानपणी तो विसळून ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. अटलांटाहून आलेला कृष्णवर्णीय मित्र शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तिकडे तू गोरा होतास तर." सगळे हसले. मलाही हसावं लागलं. घरी जाताना बसमध्ये हसू आलं नाही. तो इंग्रजीत बोलला होता, पण मला ते वाक्य मराठीतच आठवतं, आणि गंमत म्हणजे 'होतास' असंच.

विनोदाचा आमच्यातला उस्ताद तोच. त्याचा एक किस्सा मी इतक्यांदा ऐकलाय की पाठ झालाय. "पूर्वी दुकानात शिरलो की पोरगी यायची, 'कॅन आय हेल्प यू?' आता दाढी आली. आताही येतात. 'कॅन आय हेल्प यू?'" शब्द तेच. पहिल्यांदा तो ते गोड आवाजात म्हणायचा, दुसऱ्यांदा पहारेकऱ्याच्या. मग हात पसरून, "पुरुष झाल्यावर जगाची दारं उघडतात म्हणे. माझ्यासाठी पोलिसांच्या गाडीचं उघडलं." हा माणूस ओकलंडमधल्या फ्रूटव्हेल स्टेशनच्या फलाटावर मात्र एकही विनोद करायचा नाही. १ जानेवारी २००९ च्या पहाटे तिथे ऑस्कर ग्रँट नावाच्या बावीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला रेल्वेच्या पोलिसाने गोळी घातली. तो फलाटावर पालथा पडलेला होता. आम्ही टॅको खायला फ्रूटव्हेललाच उतरायचो. जिना उतरून रस्त्यावर येईपर्यंत याचे हात खिशाबाहेर, मोकळे, दिसतील असे. रस्त्यावर आला की पहिलं वाक्य टिंगलीचं. मी ते अंतर मोजायचो, जिन्याच्या पायऱ्यांएवढं.

माझी दाढी आली तशी विमानतळावर माझीही 'सहज म्हणून' तपासणी सुरू झाली. तिथल्या शरीर तपासणाऱ्या यंत्राला माणूस आत शिरला की बाई की पुरुष असं बटण दाबावं लागे. दाढी बघून पुरुषाचं दाबलं की पडद्यावरच्या बाहुल्याच्या मांड्यांमध्ये पिवळा चौकोन उमटायचा आणि शिपाई गंभीर होऊन म्हणायचा, "अनॉमली." विसंगती. २०२२ मध्ये ही बटणांची पद्धत काढून टाकणार असल्याचं जाहीर झालं, पण तोवर मी परतलो होतो. आमच्या गटात तो शब्द लाडाचा झाला होता. कुणाला मीठ हवं असेल तर, "ए अनॉमली, मीठ दे."

तिथेच मला जॅक गार्लंड भेटला, म्हणजे कागदावर. जन्म १८६९, सॅन फ्रान्सिस्को. वडील तिथले मेक्सिकोचे वाणिज्यदूत, मुगार्रिएता. मुलगी म्हणून जन्मलेला हा माणूस १८९७ मध्ये जवळच्या स्टॉकटन गावात एका होडीघरात राहू लागला, पुरुषी कपड्यांत. पोलिसांनी हटकलं, तर मुक्याचं सोंग. वहीवर लिहून बोलायचा. गावाला त्याचं इतकं कौतुक की तिथल्या ब्रह्मचाऱ्यांच्या क्लबाने त्याला आत घेतलं! पुढे तो फिलिपिन्सच्या युद्धात गेला आणि सॅन फ्रान्सिस्कोत बेघरांच्या मदतीला राहिला. १९३६ मध्ये वारला. त्याचं चरित्र १९९० मध्ये लू सलिव्हनने लिहिलं, तो स्वतः ट्रान्स पुरुष, म्हणजे आमच्यासारखाच. मला त्या मुकेपणाने धरून ठेवलं. आवाज घात करील म्हणून माणूस अख्खी भाषाच खाली ठेवतो आणि तरी वहीवर वाक्यं लिहून गावाला आपलंसं करतो. मी भाकऱ्यांमागे लपत होतो, हा वहीमागे.

माझा आवाज २०१७ च्या पावसाळ्यात फुटला. पावसाळा इकडचा, तिकडे जुलैत आभाळ कोरडं ठणठणीत. दर गुरुवारी संध्याकाळी इंजेक्शन. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तेलातलं असतं, थंडीत घट्ट होतं, म्हणून कुपी आधी काखेत धरून गरम करायची. जाड सुईने ओढायचं, सुई बदलून बारीकने मांडीत घालायचं. पहिल्यांदा हात इतका थरथरत होता की कुयाने टोचलं, आणि टोचताना 'हॅपी बर्थडे' म्हटलं. पाच महिन्यांनी आईला फोन केला तर 'आई' या शब्दाचे मध्येच दोन तुकडे झाले, एक वरच्या पट्टीत, एक तळघरात. आई म्हणाली, "सर्दी झालीय का?" मी हो म्हणालो. ती सर्दी पुढे दीड वर्षं टिकली. आई दर फोनला हळद-दूध सुचवायची. तिला तेव्हाच सगळं कळलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. मी सांगेन तोवर वाट बघायला तिला हळदीचा आडोसा बरा वाटला असावा.

२०२१ मध्ये परत आलो. इकडे हसणं वेगळं. आपल्याकडे पुरुषाने लुगडं नेसलं की हशा ठरलेला. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम त्यावर वर्षानुवर्षं पोसले गेलेत. बालगंधर्वांचा काळ निराळा, तिथे शालूची आब होती. उलट मुलगी पँट घालून मोटारसायकल चालवू लागली की आईबाप चारचौघांत छाती फुगवतात, "ही मुलगी नाही, आमचा मुलगाच आहे." माझ्या बाबांनी हे वाक्य निदान शंभर लग्नांत म्हटलं असेल. मी एकदाच त्यांना म्हणालो, "बाबा, तुमचं बरोबर होतं," आणि तेव्हापासून त्यांनी ते म्हणायचं सोडलं.

आमच्यासारख्यांवर हसायलाही लोकांकडे काही तयार नाही, कारण आम्ही त्यांच्या डोळ्यांपुढेच नाही. ट्रान्स व्यक्तींबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१४ चा, कायदा २०१९ चा, त्यात ट्रान्स पुरुष असा शब्दही आला. पण मराठीत सगळ्यांना मिळून 'तृतीयपंथी', आणि त्या शब्दासरशी डोळ्यांपुढे येते ती साडी. एका कचेरीत नाव बदलाचे कागद घेऊन गेलो तर कारकून म्हणाले, "पण तुम्ही तसे दिसत नाही." मी विचारलं, "कसे?" त्यांनी टाळी वाजवायला हात उचलले, अर्ध्यात लक्षात आलं आणि उचललेल्या हातांचं काय करावं ते न सुचून नमस्कार केला. मीही केला. माणूस वाईट नव्हता. नावाआधी काय लावायचं यावर अडला. श्री. लिहू का? पण जुना कागद कुमारी म्हणतोय. शेवटी त्याचा चेहरा उजळला. "कु. लिहितो. कुमार म्हणा, कुमारी म्हणा!" न्यायालयाला न सुचलेला तोडगा एका टिंबाने काढला.

बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा साऱ्या पेपरांत त्यांचं नाव होतं. त्यांची वैद्यकीय हकिकत माझ्यापेक्षा वेगळी. पण त्यांना जुन्या नावाच्या शेवटचा फक्त एक काना खोडायचा होता आणि मला क्रियापदाला एक काना लावायचा होता. तेव्हा ओकलंडमध्ये बसून वाटलं होतं, त्यांचा मला द्यावा, हिशेब मिटेल.

घरी भाषेने आपापल्या वाटा काढल्या. बाबा आधीपासूनच 'जेवण झालं का?' असं विचारायचे, त्यामुळे त्यांना काही बदलावं लागलं नाही. आई नपुंसकलिंगात शिरली. "जेवलं का माझं लेकरू? कधी उठलं बाळ?" पस्तिशीचा दाढीवाला बाळ. वर्षभर तिने तिथे मुक्काम केला आणि एका सकाळी गॅसवर दूध उतू जाताना ओरडली, "अरे झोपलास काय, बंद कर की!" दूध सांडलं ते सांडलंच. भावाची मुलगी सहा वर्षांची. ती मला आत्या म्हणायची, तिला सांगितलं आता काका म्हण. तिने दोन दिवस विचार केला आणि 'आत्तोबा' म्हणायला लागली. आत्तोबा म्हणजे आत्याचा नवरा. म्हणजे मीच माझा नवरा. मी दुरुस्त केलं नाही. एवढं अचूक कुणी अजून बोललेलं नाही.

राहिली होती आत्या, दूध कट्ट्यावरची. आता पंच्याहत्तरीची, गडहिंग्लजला असते. तिला कुणी सांगितलं कोण जाणे. एसटीने आली, पिशवी खाली ठेवली आणि उभ्याउभ्याच सुरू झाली. मी तयारीत होतो. कायदा, विज्ञान, सगळं मनात मांडून ठेवलं होतं.

"मला न इचारता नाव ठेवलंस?"

मी बघतच राहिलो.

"बारशाचं नाव आत्या ठेवती. मान माझा हाय. तुझ्या नावापायी पाठीत गुद्दे खाल्ल्यात मी, तुझ्या काकांचा गुद्दा आठ दिस दुखत होता. आन् आता परस्पर कागदावर?"

तिची तक्रार एवढीच होती. मी तिला कॉटवर बसवलं, शेजारी बसलो. ती म्हणाली, सांग नाव. सांगितलं. ओठ मुडपून तिने ते दोनदा पुटपुटून बघितलं, भाजीवाल्याकडची वांगी दाबून बघावीत तसं. "बरं हाय," म्हणाली. मग माझं डोकं दोन्ही हातांनी धरून वाकवलं आणि कानाला तोंड लावलं. मिश्रीचा वास आला. "कुर्रर्र," आणि नाव. आई दारात उभी होती, तिने माझ्या पुतणीला ढकललं, पुतणीने आत्याच्या पाठीत चार गुद्दे घातले. फार जोरात घातले.

चहा झाला. साडेतीनची गाडी होती. स्टँडवर सोडायला गेलो तर तिने पिशवी माझ्या हातातून काढून घेतली, पायरी चढली, खिडकीशी बसली आणि गाडी हलता हलता म्हणाली, "येतो रं मी."